जुन्या मालिका कोणाच्या दारी?

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि त्यानंतर तीनच दिवसांनी तत्कालीन माहिती व प्रसारण मंत्री प्रकाश जावडेकर यांनी घोषणा केली की, लोकाग्रहास्तव रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर पुन्हा दाखवली जाईल. सकाळी नऊ आणि रात्री नऊ या वेळा मुक्रर झाल्या. बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ ‘डीडी भारती’ या वाहिनीकडे गेले. २८ मार्चला पहिला भाग प्रक्षेपित झाला. त्याच दिवशी दिल्लीच्या आनंद विहार बसस्थानकावर गावाकडे निघालेल्या हजारो मजुरांची गर्दी उसळली होती. श्रमिकांसाठी खास रेल्वेगाड्या सुटण्यास १ मे उजाडावा लागला. मालिकेची वेळ मात्र एका दिवसात ठरली.

लोकांनी रामायण पाहिले याबद्दल आमची तक्रार नाही. चित्रकूटला रामायण मेळा भरवावा ही कल्पना डॉ. लोहियांची होती, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. प्रश्न निराळा आहे. जुनी मालिका पुन्हा बाहेर काढायची, ती अमुकच वाहिनीवर आणि अमुकच वेळी दाखवायची, हे ठरवतो कोण, आणि कोणत्या हिशेबाने?

पहिला हिशेब मालकीचा. १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनने प्रायोजित मालिकांची पद्धत रूढ केली. निर्मात्याने प्रायोजकाच्या पैशातून मालिका काढावी, दूरदर्शनला प्रक्षेपणाचे शुल्क भरावे, आणि त्या बदल्यात मिळालेल्या जाहिरातीच्या सेकंदांचा व्यापार करावा, असा तो व्यवहार होता. सार्वजनिक प्रक्षेपण केंद्रांनी मालिका घरोघर पोचवली, देशाने रविवारच्या सकाळी तिच्या स्वाधीन केल्या. पण मालिका राहिली निर्मात्याची. म्हणूनच २०२० साली प्रसार भारतीला हक्कधारकांशी बोलणी करावी लागली. प्रेक्षकांच्या मोजणीत दूरदर्शन काही आठवडे खाजगी वाहिन्यांच्या पुढे गेले, आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तेच ‘रामायण’ ‘स्टार प्लस’वर व तेच ‘महाभारत’ ‘कलर्स’वर दिसू लागले. बाजारात माल खपतो की नाही, याची चाचणी सार्वजनिक संस्थेने करून दिली होती.

अमेरिकेत हाच व्यवहार अधिक उघडपणे चालतो. १९६६ साली ‘एनबीसी’वर सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’चा नवा अवतार २०१७ मध्ये ‘सीबीएस’ने काढला. पहिला भाग खुल्या वाहिनीवर दाखवला. पुढचे सारे भाग वर्गणी भरणाऱ्यांसाठी राखून ठेवले. जुन्या प्रेक्षकांची माया हे तेथे नव्या दुकानाचे भांडवल होते. पुढे २०२० च्या साथीत नव्या कार्यक्रमांचे चित्रीकरण थांबले, तेव्हा त्याच मालिकेचा पहिला हंगाम खुल्या वाहिनीवर आणला गेला. प्रेक्षक तेच होते. बदलली होती ती कंपनीची अडचण.

आपल्याकडे या अडचणीचे सर्वात स्पष्ट दर्शन ‘डीडी फ्री डिश’वर घडते. ही दूरदर्शनची सेवा. छपरावर एकदा तबकडी बसवली की दरमहा काही भरावे लागत नाही. खेड्यापाड्यातील आणि झोपडपट्टीतील कोट्यवधी कुटुंबांचा दूरचित्रवाणीशी संबंध येतो तो याच मार्गाने. येथील जागांचा प्रसार भारती लिलाव करते. ‘स्टार’, ‘झी’, ‘सोनी’ आणि ‘कलर्स’ या मोठ्या घराण्यांनी आपल्या शिळ्या मालिकांसाठी ‘स्टार उत्सव’, ‘झी अनमोल’, ‘सोनी पल’, ‘कलर्स रिश्ते’ अशा वाहिन्या काढून या जागा घेतल्या होत्या. शहरातील वर्गणीदाराने आधी पाहिलेले ग्रामीण प्रेक्षकाने मागाहून पाहावे, आणि साबण-बिस्किटांच्या जाहिरातींनी दोन्हीकडून वसुली व्हावी! पंक्तीतील आधीचे आणि मागचे पान ही आपली जुनी ओळखीची व्यवस्था. ती उपग्रहावरही पोचली.

पण शिळे अन्नही हक्काचे नव्हते. नवी दरव्यवस्था आली आणि १ मार्च २०१९ पासून या चारही वाहिन्या फ्री डिशवरून उठल्या. ज्याला पाहायचे त्याने पैसे भरून पाहावे, असा हिशेब होता. जून २०२० मध्ये, टाळेबंदीने जाहिरातींचे उत्पन्न आटले असताना, त्या परतल्या. वर्गणीदार फुकटच्या सेवेकडे वळू लागल्याची ओरड झाली, तेव्हा १ एप्रिल २०२२ पासून त्या पुन्हा निघून गेल्या. या तीन वर्षांत त्या मालिकांत अक्षराचाही फरक पडलेला नव्हता. ज्याच्या घरातला पडदा एका सकाळी अर्धा रिकामा झाला, त्याला विचारण्याचे कारण कोणाला वाटले नाही.

खाजगी घराण्यांकडून याहून वेगळी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल. दूरदर्शनची गोष्ट तशी नाही. हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. त्याचे प्रमुख निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचे होते. त्याआधी जनता सरकारने नेमलेल्या वर्गीज समितीने १९७८ साली ‘आकाश भारती’ या स्वायत्त विश्वस्त संस्थेची शिफारस केली होती. विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारने १९९० मध्ये प्रसार भारतीचा कायदा संमत केला, आणि तो अमलात येण्यास १९९७ साल उजाडले. एवढ्या खटाटोपाने मिळवलेल्या स्वायत्ततेनंतरही राष्ट्रीय वाहिनीची रात्री नऊची वेळ कोणत्या मालिकेला द्यायची, हे देशाला मंत्र्याने कळवावे? ‘रामायण’ संपल्यावर ती वेळ ‘उत्तर रामायण’ला आणि मग ‘श्रीकृष्ण’ला मिळाली. श्याम बेनेगल यांची त्रेपन्न भागांची ‘भारत एक खोज’ ही तर दूरदर्शनने स्वतः करवून घेतलेली मालिका. तिच्यासाठी कोणा हक्कधारकाच्या दारी जाण्याचेही कारण नव्हते. रात्री नऊचा मान तिच्या वाट्याला आला नाही. लोकाग्रह मोजण्याचे माप मंत्रालयाच्या हाती असले की असेच व्हायचे.

खरा लोकाग्रह कसा असतो, हे याच मालिकेच्या इतिहासात आहे. १९८८ मध्ये ‘रामायण’ संपले, पण लव-कुशांची आणि वाल्मीकींची कथा त्यात आली नाही. वाल्मीकींना आपले आराध्य मानणाऱ्या जालंधरच्या सफाई कामगारांनी तेव्हा संप केला, आणि त्याचे लोण उत्तरेतील इतर शहरांतही पोचले. अखेर सरकार नमले आणि पुढील भागांना परवानगी मिळाली. शहरांची घाण उपसणाऱ्यांनी आपली कथा पडद्यावर आणून घेतली. २०२० मध्ये पुन्हा दाखवलेले ‘उत्तर रामायण’ ही त्याच संपाची कमाई होती. त्या वेळी मात्र हे कोणी सांगितले नाही.

प्रसार भारती माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येते. साथींनी तेथे अर्ज करावेत. २०२० सालच्या पुनःप्रक्षेपणाचे करार कोणत्या दराने झाले, वेळा ठरवण्याचा निर्णय मंडळाच्या कोणत्या बैठकीत झाला, आणि फ्री डिशच्या लिलावात जागा घेणाऱ्यावर ठरावीक मुदतीपर्यंत प्रेक्षकांना सोडून न जाण्याची अट का घातली जात नाही, एवढे तीन प्रश्न सुरुवातीला पुरेत. उत्तरे येतील तशी या पानावर छापण्यास जागा ठेवली आहे.