२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, पण फोटो साडेबाराचा! असं का?

फोनच्या जाहिरातीत आता २०० मेगापिक्सेलचा आकडा झळकतो. २०१२ मध्ये नोकियाच्या ८०८ प्युअरव्ह्यूचे ४१ मेगापिक्सेलही अफाट वाटले होते. हा आकडा असाच वाढत राहणार का?

आडवा येतो तो प्रकाशच. सॅमसंगच्या २०२२ च्या २०० मेगापिक्सेल सेन्सरमधला एक पिक्सेल ०.५६ मायक्रोमीटरचा आहे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबीही साधारण तेवढीच. त्यात लेन्स कितीही उत्तम असली तरी प्रकाशाचा ठिपका थोडा पसरतोच. एफ १.७ च्या लेन्समध्ये तो सव्वादोन मायक्रोमीटरपर्यंत जातो, म्हणजे एका ओळीतले चार पिक्सेल एकाच ठिपक्याखाली! पिक्सेल आणखी बारीक केले तर फाइल फुगते, तपशील फारसा वाढत नाही.

म्हणून हे फोन एरवी १६ पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. फोर-के टीव्हीवर तर जेमतेम ८३ लाख पिक्सेल असतात. फोन घेताना मेगापिक्सेलपेक्षा सेन्सरचा आकार विचारलेला बरा.

सेन्सर मोठा केला तर आकडा वाढवता येतो. चिलीतल्या रुबिन वेधशाळेचा कॅमेरा ३,२०० मेगापिक्सेलचा आहे, पण त्याचा एकेक पिक्सेल १० मायक्रोमीटरचा, आणि कॅमेऱ्याचं वजन जवळपास ३ टन.