पैसे आगाऊ, माल वाऱ्यावर

गिऱ्हाइकाने पैसे मोजावेत आणि दुकानदाराने माल द्यावा, हा व्यवहार इतका जुना आणि सरळ आहे की, त्यासाठी कायद्याची पोथी उघडण्याची पाळी सहसा येऊ नये. परंतु पैसे आज आणि माल पुढे केव्हातरी, असा करार ज्या क्षणी होतो त्या क्षणी दोन पक्षांमधील समानता संपते. ज्याच्या हाती पैसा गेला तो धनी होतो, ज्याने दिला तो याचक. बिटकॉइन या आभासी चलनाच्या बाजारात २०१२ नंतर जे तंटे उभे राहिले, त्यांच्या मुळाशी ही विषमताच आहे.

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील बटरफ्लाय लॅब्ज या कंपनीचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंद पक्की करण्यासाठी जगभरचे संगणक अखंड आकडेमोड करीत असतात; ज्याचा संगणक कोडे आधी सोडवील त्याला नवी नाणी मिळतात. यालाच त्या बाजारात खाणकाम म्हणतात. हे काम झपाट्याने करणारी खास यंत्रे देऊ, असे सांगून या कंपनीने जून २०१२ पासून आगाऊ पैसे घेण्यास प्रारंभ केला. किमती १४९ डॉलरपासून २९,८९९ डॉलरपर्यंत होत्या आणि यंत्रे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मिळावयाची होती. फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाने २०१४ साली न्यायालयात दाखल केलेल्या फिर्यादीप्रमाणे, सप्टेंबर २०१३ उजाडला तरी पूर्ण पैसे भरलेल्या वीस हजारांहून अधिक गिऱ्हाइकांच्या हाती यंत्र पडलेले नव्हते. तत्पूर्वीच, ऑगस्टमध्ये, कंपनीने आणखी वेगवान यंत्राची घोषणा करून त्याचेही पैसे घेण्यास सुरुवात केली होती. पहिली पंगत उपाशी बसलेली असताना दुसऱ्या पंगतीची दक्षिणा वसूल करण्याचाच हा प्रकार होता!

येथे विलंब म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे एके काळी स्कूटरसाठी अनामत भरून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. परंतु उशिरा आलेली स्कूटरही स्कूटरच असे; ती रस्त्यावर धावे. खाणकामाच्या यंत्राचे तसे नाही. जगातील यंत्रे वाढली की कोडे आपोआप अधिक अवघड होते. सुमारे दर दोन आठवड्यांनी ही अवघडपणाची पातळी नव्याने ठरते. शिवाय कोडे सोडविणाऱ्याला मिळणारी नाणी नोव्हेंबर २०१२ मध्येच ५० वरून २५ वर आली होती. त्यामुळे ऑक्टोबरात ज्या यंत्राने कमाई केली असती, तेच यंत्र वर्षभराने आल्यावर विजेचे बिलही भरून काढील याची शाश्वती नव्हती. पेरणी उलटल्यावर मिळालेले बियाणे शेतकऱ्याच्या जितक्या उपयोगाचे, तितकाच उपयोग या यंत्रांचा. ‘माल पाठविला आहे, आता तक्रार कसली?’ हा विक्रेत्याचा सवाल म्हणूनच निलाजरा ठरतो.

परताव्याचा प्रश्न तर याहून गुंतागुंतीचा. कॅलिफोर्नियातील हॅशफास्ट या कंपनीने २०१३ साली अशाच यंत्रांसाठी आगाऊ रकमा घेतल्या. ३१ डिसेंबरपर्यंत यंत्र न मिळाल्यास पैसे परत, असे तिचे अभिवचन होते. अनेकांनी पैसे बिटकॉइनमध्येच भरले होते. मधल्या काही महिन्यांत बिटकॉइनचा भाव शंभर-सव्वाशे डॉलरवरून हजार डॉलरच्या घरात गेला. गिऱ्हाईक म्हणू लागले, जितकी नाणी दिली तितकी परत द्या. कंपनी म्हणू लागली, त्या दिवशीचे डॉलर घ्या. यंत्र दिले नाही ते नाहीच, वर नाण्यांची वाढलेली किंमतही कंपनीच्या पदरात! २०१४ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. त्या दिवाळखोरीतून निघालेल्या एका दाव्यात २०१६ साली न्यायाधीशांनी बिटकॉइन म्हणजे डॉलर नव्हे, एवढे सांगितले. ते चलन की माल, हा निर्णय मात्र त्यांनी टाळला. ज्या वस्तूची जात न्यायालयालाही ठरवता आली नाही, तिच्यापायी सामान्य माणसाने आपली पुंजी पणाला लावली होती.

बिटकॉइनच्या पुरस्कर्त्यांनी या चलनाला मध्यस्थांपासून मुक्ती देणारे चलन म्हणून गौरविले. बँक नको, सरकार नको, कोणाची मेहेरबानी नको. २००८ साली सातोशी नाकामोतो या नावाने प्रसिद्ध झालेल्या मूळ टिपणातच मात्र सांगितले आहे की, दिलेले पैसे फिरवता न येणे हे विक्रेत्याचे फसवणुकीपासून संरक्षण आहे. गिऱ्हाइकाच्या संरक्षणासाठी रक्कम त्रयस्थाकडे ठेवण्याची सोय सहज करता येईल. विक्रेत्याचे संरक्षण यंत्रणेच्या हाडीमासी उतरले. गिऱ्हाइकाचे संरक्षण पुढे कोणीतरी करील म्हणून सोडून दिले. मुक्ती कोणाची आणि कोणापासून, याचे उत्तर या एका फरकात आहे.

काहीजण म्हणतील, हे गिऱ्हाईक तरी कोठे साधुसंत होते? बसल्या जागी पैसा मिळविण्याच्या लोभानेच ते गेले आणि फसले. यात तथ्य नाही असे नाही. श्रमावाचून संपत्ती मिळते हा भ्रम भांडवलशाहीने घरोघर पोचविला आहे आणि त्याचा समाचार समाजवाद्यांनी घेतलाच पाहिजे. परंतु फसलेल्याच्या लोभामुळे फसविणाऱ्याचे देणे फिटत नाही. शिवाय या हजारो लोकांनी कंपनीला दिले काय, तर बिनव्याजी भांडवल. त्या भांडवलावर त्यांना व्याज नव्हते, भाग नव्हता, कारभारात शब्द नव्हता. धोका तेवढा सगळा त्यांचा होता.

मग सरकारने काय केले? टपालाने माल विकणाऱ्याने दिलेल्या मुदतीत, मुदत दिली नसल्यास ३० दिवसांत, माल पाठविला पाहिजे. उशीर होणार असेल तर गिऱ्हाइकाची संमती घेतली पाहिजे, नाहीतर पैसे परत केले पाहिजेत, असा नियम अमेरिकेत १९७५ पासून आहे. नियम होता, आयोग होता, न्यायालय होते. तरीही फेब्रुवारी २०१६ मध्ये जी तडजोड झाली, तीत कंपनी आणि तिच्या एका सूत्रधारावर ३ कोटी ८६ लाख डॉलरचा बोजा ठेवण्यात आला आणि ऐपत नाही म्हणून, कंपनीने १५ हजार व त्या सूत्रधाराने ४ हजार डॉलर भरताच तो स्थगित करण्याचे ठरले. म्हणजे दोन हजार रुपयांच्या देण्यापोटी रुपयाही पुरता हाती येऊ नये! वरातीमागून निघालेले घोडे दारात येईपर्यंत मांडव मोडलेला असतो.

हा प्रश्न परदेशचा म्हणून सोडून देता येणार नाही. पुण्यात २०१८ साली पोलिसांनी हाती घेतलेल्या गेनबिटकॉइन प्रकरणातही खाणकामाचेच नाव होते आणि दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष होते. केंद्र सरकारने २०२२ पासून आभासी चलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर बसविला. नफ्यात वाटा घेण्यास तत्पर असलेले सरकार बुडालेल्या पैशाच्या वेळी कोठे असते, हे विचारण्याचा हक्क नागरिकाला आहे.

उपाय अज्ञात नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने बिल्डरला घरासाठी घेतलेल्या रकमेतील ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे आणि बांधकाम होईल त्या प्रमाणातच ती काढण्याचे बंधन घातले. मुंबई-पुण्याच्या हजारो कुटुंबांची आयुष्यभराची कमाई रिकाम्या भूखंडांत अडकल्यावर हे शहाणपण सुचले. हेच तत्त्व आगाऊ पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मालाला लागू झाले पाहिजे. माल हाती पडेपर्यंत पैसा त्रयस्थाकडे राहावा. मुदत टळताच तो मागणीवाचून परत व्हावा. आणि रक्कम नाण्यांत घेतली असेल, तर परतावा नाण्यांत घ्यावा की रोखीत, हे ठरविण्याचा अधिकार गिऱ्हाइकाचा असावा. सत्तरीच्या दशकात महाराष्ट्रात ग्राहक पंचायती उभ्या राहिल्या, तेव्हा लढा तेल, साखर आणि वजनमापांचा होता. आजची खोटी मापे पडद्यावर दिसतात, एवढाच काय तो फरक. ती तपासण्यासाठीही संघटित ग्राहकालाच पुढे व्हावे लागेल.