उपचारासाठी मदतीचा मेसेज टाकण्याआधी भावकीला कामं वाटून द्या

करकंब : "मित्रांनो, उपचारासाठी आठ लाखांची गरज आहे, फूल ना फुलाची पाकळी म्हणून मदत करावी," असा मेसेज आपल्या भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून येतोच. वर आयसीयूमधला फोटो, खाली क्यूआर कोड आणि दोन मोबाईल नंबर. पहिल्या दिवशी गावातली पोरं, पाव्हणे, जुने वर्गमित्र पाचशे-हजार टाकतात. तिसऱ्या दिवशी तो मेसेज वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली दबून जातो. घरचे मात्र तिकडं पुण्याच्या नाहीतर सोलापूरच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून फोन बघत असतात.

यात लोकांची दानत कमी पडते, असं म्हणणं बरोबर नाही. मेसेज उशिरा येतो, खरी अडचण इथं आहे. घरातला माणूस आजारी पडला की आपण आधी लपवतो. "लोकं काय म्हणतील", "पोरीची सोयरीक मोडंल", "उसाचं बिल येऊ द्या, भागवू" असं करत शिल्लक संपते, मग सोनं जातं, मग कुणाकडून तरी व्याजानं पैसे येतात, आणि सगळं संपल्यावर नातेवाइकांना कळवलं जातं. लग्नाची पत्रिका चार तालुक्यांत वाटणारे आपण, आजारपणाची खबर मात्र सख्ख्या मेव्हण्यालाही देत नाही.

सरकारचाच २०१७-१८ चा राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा आकडा बघा. ग्रामीण भारतात दवाखान्यात भरती व्हायच्या खर्चातला सुमारे ८० टक्के भार घरच्या कमाईवर आणि शिल्लकीवर पडत होता, सुमारे १३ टक्के कर्जावर. मित्र-नातेवाइकांनी परत न मागता दिलेली मदत यात अगदी थोडी. म्हणजे भावकीच्या जोरावर दवाखाना होतो, हा आपला समज आहे. खरं बघितलं तर दवाखाना घरच्या शिल्लकीवर आणि कर्जावर होतो.

मोठी रक्कम लोकवर्गणीतून उभी राहिल्याची उदाहरणं आहेत, नाही असं नाही. २०२१ च्या सुरुवातीला मुंबईतल्या काही महिन्यांच्या एका मुलीला एसएमए नावाचा दुर्मीळ आजार होता. त्यावरचं झोलजेन्स्मा हे औषध सुमारे १६ कोटींचं. आई-वडिलांनी इंटरनेटवर आवाहन केलं, देशा-परदेशातून पैसे आले, आणि औषधावरचा सुमारे ६ कोटींचा कर केंद्र सरकारनं माफ केला. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या दुसऱ्या एका मुलीसाठीही असेच कोट्यवधी जमले. तिला जूनमध्ये औषध मिळालं, पण ऑगस्टच्या पहिल्या दिवशी ती गेली. पैसे जमले म्हणजे माणूस वाचलाच, असं नसतं, हेही कुणीतरी सांगायला पाहिजे.

या बातम्या वाचून आपल्याकडं वाटायला लागलं की केटो, मिलाप, इम्पॅक्टगुरू असल्या साइटवर फोटो टाकला की पैसे येतात. तिथं हजारो घरांचे फोटो आहेत. ज्याच्या ओळखीत आयटीवाले, परदेशातले, पत्रकार, त्याची गोष्ट लांब जाते. ज्याच्या ओळखीत आपल्यासारखेच ऊसवाले आणि डाळिंबवाले, त्याची गोष्ट फिरून फिरून त्याच शंभर माणसांकडं येते. तरी साइट वापरायचीच असेल तर आधी नीट वाचा. 'फी शून्य' लिहिलेलं असतं, पण पैसे देणाऱ्याच्या पडद्यावर साइटसाठी 'टिप' म्हणून रक्कम आधीच भरलेली दिसते. ती कमी करता येते, हे आपल्या माणसांना सांगून ठेवा.

मग जवळच्यांकडं मागायचं काय? माझं मत असं, की पहिल्या आठवड्यात पैसे मागूच नका, माणसं मागा. "मामा, पैशाचं नंतर बघू, आधी तुम्ही तहसीलचा दाखला तेवढा काढून द्या." हे वाक्य तोंडातून काढायला सोपं जातं आणि मामालाही नाही म्हणता येत नाही. कारण मोठ्या आजाराचा मोठा भाग सरकारी योजनेतून भागू शकतो, फक्त त्याला धावपळ करणारा माणूस लागतो. घरचा कर्ता दवाखान्यात अडकलेला असतो, त्याला ते जमत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. पण यादीतल्या दवाखान्यात आणि यादीतल्या आजारालाच. इथंच घोळ होतो. ओळखीच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली म्हणून आपण यादीबाहेरच्या दवाखान्यात जातो आणि लाखभर भरल्यावर विचारतो, "इथं योजना हाय का?" भरती व्हायच्या आधी १५५३८८ वर फोन करून विचारायला पाच मिनिटं लागतात. तातडीची वेळ असेल तर भरती करा, पण त्याच दिवशी तिथल्या आरोग्यमित्राला गाठा. हे काम घरातल्या कॉलेजच्या पोराला द्या.

दुसरं दार मुख्यमंत्री सहायता निधीचं. कॅन्सरची केमो, डायलिसिस, हृदयाची शस्त्रक्रिया, अवयव प्रत्यारोपण, अपघात, भाजलेले रुग्ण, नवजात बाळं अशा आजारांना तिथून मदत मिळते. लागतं काय, तर आधार, रेशनकार्ड, १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि रुग्णाचा जिओटॅग फोटो. खासगी दवाखान्याचं अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात जातात. आणि लक्षात ठेवा, बिल भरून झाल्यावर ते परत मिळत नाहीत. म्हणून अर्ज उपचार चालू असतानाच जायला हवा. चौकशीसाठी १८०० १२३ २२११ हा टोल फ्री नंबर आहे.

उत्पन्नाचा दाखला पंढरपूर तहसीलमधून निघतो, त्याला तलाठ्याचा अहवाल लागतो. करकंबहून हे दोन-तीन हेलपाट्यांचं काम. मामा नाहीतर चुलता इथं कामाला येतो.

तिसरं दार फार कमी जणांना ठाऊक आहे. पुण्यातली बरीच नावाजलेली हॉस्पिटलं कागदावर धर्मादाय आहेत. कायद्याच्या कलम ४१कक प्रमाणं त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. काउंटरवर हे आपणहून कुणी सांगंल, ही आशा धरू नका. तिथला समाजसेवक विचारा. "खाट रिकामी नाही" म्हणाले तर धर्मादाय कार्यालयाकडं तक्रार करता येते. पुण्यात कामाला असलेला जावई किंवा भाचा असेल तर हे त्याच्याकडं सोपवा. जावयाला काम सांगायचं कसं, हा संकोच आजारपणात बाजूला ठेवलेला बरा.

हे सगळं करूनही तूट राहते. प्रवास, राहणं, बाहेरची औषधं, यादीत न बसणारा आजार. त्या तुटीसाठी लोकांकडं जावं, आणि तेव्हा मागताना आकडा सांगावा. "आठ लाख लागतात" म्हटल्यावर हजार रुपये देणाऱ्याला आपलं देणं क्षुल्लक वाटतं. "योजनेतून बराच खर्च भागला, सत्तर हजारांची तूट आहे, त्यातलं औषध बारा हजारांचं" म्हटलं की एखादी तालीम, एखादा बचत गट, दहावीची एक बॅच तो भार सरळ उचलू शकते. शक्य असेल तिथं दवाखान्याच्या खात्याचाच नंबर द्या. क्यूआर कोड द्यायचाच असेल तर तो घरच्याच माणसाचा असावा, आणि देणाऱ्यानंही पैसे टाकण्याआधी नाव वाचावं, एक फोन करावा. कुणाच्या तरी आजारपणाच्या मेसेजवर क्यूआर बदलून पैसे लाटणारेही आहेत.

हिशेबाचं काम घरच्यानं करू नये. शाळेतले गुरुजी, सोसायटीचे सचिव, कुणीही चालंल, पण बाहेरचा माणूस बरा. दर आठवड्याला त्याच ग्रुपवर दोन ओळी टाकायच्या: इतके आले, इतके गेले, रुग्ण असा आहे. ज्यानं दोनशे दिलेत त्यालाही ते कळलं पाहिजे. रुग्ण गेला तरी शेवटचा हिशेब टाकायचाच, आणि उरलेल्या पैशाचं काय करायचं ते देणाऱ्यांना विचारूनच ठरवायचं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या घराचा मेसेज येणार असतो, त्याच ग्रुपवर.