कफ निघेल, पण आधी थुंकी तपासा

हल्ली मोबाइलवर 'फुफ्फुसं साफ करणारा चिनी चहा' अशा जाहिराती सारख्या दिसतात. पाकिटावरची अक्षरं चिनी, आत काय आहे ते आपल्याला कळत नाही, आणि विकणारा म्हणतो, "सगळ्या वनस्पतीच आहेत ताई, अपाय काही नाही." महिना महिना छातीत कफ घेऊन वावरणाऱ्या आपल्या बायका तो मागवतात. दवाखान्यात जायला वेळ नसतो. चहा काय, पोळ्या लाटता लाटताही पिता येतो!

चिनी वैद्यकाची थट्टा करायची नाही बरं का. ते फार जुनं आणि विचारी शास्त्र आहे. कफ साठतो फुफ्फुसात, पण तयार होतो पचन बिघडल्याने, असं ते मानतं. म्हणून तिथला वैद्य नुसता खोकला ऐकून पुडी बांधत नाही. कफ पांढरा की पिवळा, पातळ की चिकट, जेवण जातं का, हे विचारतो. जीभ बघतो, नाडी बघतो. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांची आठवण येते ना?

पांढऱ्या, भरपूर सुटणाऱ्या कफावर त्यांचा 'अर चन थांग' हा काढा प्रसिद्ध आहे. सोंग राजवटीतल्या सरकारी औषधालयाच्या ग्रंथात तो सापडतो. नावाचा अर्थ 'दोन जुन्या वस्तूंचा काढा'. एक म्हणजे वाळवून मुरवलेली संत्र्याची साल, दुसरी बानशिया नावाचा कंद. सोबत आलं, ज्येष्ठमध आणि पाइनच्या मुळांवर वाढणारी एक बुरशी. यातला बानशिया आपल्या अळू-सुरणाच्या कुळातला. कच्चा पोटात गेला तर जीभ-घसा सुजतो, म्हणून आलं, तुरटी वगैरे वापरून त्याच्यावर संस्कार करतात. सुरण चिंच घालून शिजवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. पण पाकिटातल्या भुकटीवर तो संस्कार झाला की नाही, हे कोण सांगणार?

आणि काही विषं संस्कारानेही जात नाहीत. मातौलिंग हे फळ चीनमध्ये शेकडो वर्षं खोकला-कफावरच दिलं जात होतं. त्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडं निकामी होतात, मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या औषधात चुकून याच कुळातली चिनी वनस्पती गेली आणि १००हून जास्त बायकांची मूत्रपिंडं बिघडली. शेवटी चीननेच २०२०च्या आपल्या औषधकोशातून मातौलिंग काढून टाकलं. आपल्याकडची ईश्वरीची वेलही याच कुळातली, तेव्हा 'आमचं तसं नाही' म्हणायची सोय नाही. दम्यावरच्या माहुआंगचंही तसंच. त्यातलं एफेड्रिन श्वासनलिका मोकळ्या करतं खरं, पण रक्तदाब आणि छातीची धडधड वाढवतं. साधा ज्येष्ठमधसुद्धा रोज भरपूर घेतला तर रक्तदाब चढवतो.

चीनमधलीच आणखी एक गोष्ट मला या सगळ्या काढ्यांपेक्षा मोलाची वाटते. युन्नान प्रांतात श्वानवेई नावाचा भाग आहे. तिथे घरात धुराचा कोळसा जाळत, धुराडं नसे. विडी-सिगारेटला हात न लावणाऱ्या बायकांनाही फुफ्फुसाचा कर्करोग होई, वर्षानुवर्षांचा खोकला-कफ तर घरोघरी. १९७०च्या दशकापासून लोकांनी शेगडीला धुराडी बसवली आणि पुढच्या काळात दोन्ही आजार कमी झाले. आता सांगा, चुलीचा धूर तसाच ठेवून काढा किती दिवस पिणार? सिलिंडर घरात असूनही पैसे वाचवायला पाणी चुलीवरच तापवणाऱ्या कितीतरी घरांत मी जाते. त्या बाईच्या छातीची घरघर अंगणात ऐकू येते.

खोकला दोन आठवड्यांवर गेला, संध्याकाळी अंग तापतं, वजन उतरतं, कफात रक्त दिसतं, तर चहा नको, काढा नको, आधी थुंकी तपासायची. सरकारी दवाखान्यात ती मोफत तपासतात. क्षय निघाला तर औषधंही मोफत. नमुना सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून द्यायचा. तोंडातली लाळ नको, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. तो घरात न काढता अंगणात, मोकळ्या हवेत काढायचा आणि डबीचं झाकण घट्ट लावायचं.