किल्ली, कानस आणि कागद



"किल्ली शेवटी कुणाच्या हातात होती?" या प्रश्नावरून ज्या घरात कधी भांडण झाले नाही, असे घर आम्हाला तरी ठाऊक नाही. आमचे भांडण तर बीडमध्ये भर रस्त्यावर झाले.

गोष्ट 1996 सालची. ताईला बीडच्या रुग्णालयात दाखल करून आम्ही नवरा-बायको बाहेर आलो. समोर हँडल लॉक केलेली जुनी चेतक, आणि खिशात किल्ली नाही. पोरं गेवराईला शेजारणीकडे ठेवलेली, दिवस कललेला. कुणी म्हणाले, हँडलला जोराचा हिसका द्या, लॉक तुटेल. तुटलेही असते; पण पुढचा खर्च कुणी करायचा?

रस्त्याच्या कडेला लोखंडी पेटी मांडून एक वयस्कर शिकलकरी कारागीर बसले होते. या समाजाचे जुने काम हत्यारांना धार आणि झळाळी देण्याचे. ते दिवस गेले, पण कानस हातात राहिली. बाबांनी आधी विचारले, "गाडीचं पुस्तक?" पुस्तक होते, पण त्यावर नाव आधीच्या मालकाचे. गाडी घेऊन दोन वर्षे झाली तरी नाव लावायचे राहूनच गेले होते. बाबांनी नकारार्थी मान हलवली.

आम्हाला राग आला. जुने कपडे, जुनी गाडी. असा संशय गरिबाच्याच वाट्याला येतो. "आम्ही काय चोर दिसतो का?" बाबा शांतपणे म्हणाले, "उद्या दुसऱ्या कुणी तुमचीच गाडी माझ्यापुढं आणली, तर मी काय करावं?" आमच्याकडे उत्तर नव्हते. शेवटी रुग्णालयात कामाला असलेल्या ओळखीच्या गृहस्थांना बोलावले. त्यांनी खात्री दिली, तेव्हा काम सुरू झाले.

अशा कुलपाच्या पोटात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, प्रत्येकीला लहानशी स्प्रिंग. योग्य किल्ली शिरली की सगळ्या एका पातळीत येतात आणि कुलूप फिरते. एक जरी वर राहिली तरी अडते. बाबांनी खाचेत बसणारी कोरी किल्ली निवडली, चिमणीवर धरून तिच्यावर काजळी घेतली, मग कुलपात घालून पकडीने हलका पीळ देत वर-खाली हलवली. बाहेर काढली तेव्हा जिथे पट्टी अडली होती, तिथे बारीक ठिपका चमकत होता. तेवढ्याच जागी कानशीचे दोन-तीन हात. पुन्हा काजळी, पुन्हा पीळ. ठिपका उमटायचा थांबला की तिथली खोली बरोबर झाली. जास्त घासले गेले तर मात्र धातू परत भरता येत नाही. एक किल्ली तशी वाया गेलीच. दुसरी पाऊण तासाने फिरली.

बाबांनी चाळीस रुपये मागितले. "एवढ्याशा पितळेचे?" म्हणत आम्ही पंचवीस पुढे केले, आणि लगेच ओशाळलो. आमची मजुरी ठरवताना आम्हालाही हेच ऐकावे लागते. चाळीस दिले. पितळ दोन-चार रुपयांचे असेल; बाकी किंमत त्या बोटांची होती.

1972 साली बाजारात आलेली चेतक आजही काही अंगणांत उभी आहे. नव्या मोटारींच्या किल्लीत बहुधा चिप असते. तिला नुसती कानस पुरत नाही. जुन्या कुलपाला मात्र अजून हाताचे कसब चालते.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. किल्ली हातात आहे तोवरच दुसरी करून घ्या. नमुना समोर असला की काम थोडक्यात होते. पहिली फार झिजण्याआधी करा, नाहीतर झीजही नव्या किल्लीत उतरते. जुनी गाडी घेतली तर नाव लावून घ्या. 1988च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. आणि किल्लीवाल्याने कागद मागितले तर रागावू नका. न मागणाऱ्यालाच भ्यावे.

आमची चेतक पुढच्याच महिन्यात आमच्या नावावर झाली.