बटण आपल्या हातात, प्रश्न कोणाचा?

आजकाल राजकीय पक्षाचा सभासद व्हायला कार्यालयात जावे लागत नाही. मिस्ड कॉल दिला की झाले. घरातली तरुण मुले म्हणतात, "उमेदवार कोण आणि युती कोणाशी, हेही मोबाईलवरच विचारले तर पुढाऱ्यांची मनमानी थांबेल!" हा विचार वाईट नाही. इटलीत तो करूनही पाहिला आहे. तिथे काय झाले, ते आपण समजून घेऊ.

२००९ साली विनोदी नट बेप्पे ग्रिल्लो आणि संगणक व्यावसायिक जानरोबेर्तो कासालेज्जो यांनी 'फाइव्ह स्टार मूव्हमेंट' हा पक्ष काढला. निर्णय पुढाऱ्यांनी नव्हे, सभासदांनी ऑनलाइन मत देऊन घ्यायचे, असे त्यांचे म्हणणे होते. २०१६ पासून त्यासाठी 'रूसो' ही यंत्रणा आली. तिच्यावर उमेदवार निवडले जात, कायद्यांच्या मसुद्यांवर सूचना देता येत. ज्याच्या मागे पैसा नाही, वशिला नाही, अशा माणसालाही तिकीट मिळू लागले.

सभासद नेत्यांच्या विरोधातही गेले. बेकायदा स्थलांतर हा फौजदारी गुन्हा ठरवणारा कायदा रद्द करावा का, असे जानेवारी २०१४ मध्ये विचारले गेले. दोन्ही संस्थापकांचा कल उलट होता, तरी सभासदांनी बहुमताने 'रद्द करा' असे सांगितले. ही या प्रयोगाची जमेची बाजू.

आता दुसरी बाजू. २०१७ साली जेनोवा शहराच्या महापौरपदासाठी सभासदांनी मारिका कासिमातिस यांना ऑनलाइन निवडले. ग्रिल्लो यांनी "माझ्यावर विश्वास ठेवा" म्हणत तो निकालच रद्द केला. प्रकरण कोर्टात गेले. मत सभासदांचे आणि शेवटचा शब्द एकाच माणसाचा, तर मत कशाला घ्यायचे?

२०१८ च्या निवडणुकीत या पक्षाला एक कोटीहून जास्त मते पडली. मात्र सरकार कोणाबरोबर करायचे, हे सुमारे ४५ हजार सभासदांच्या ऑनलाइन मतांनी ठरले. फेब्रुवारी २०२१ मध्ये द्रागी सरकारला पाठिंबा द्यावा का, हा प्रश्न आला. त्या प्रश्नातच नव्या पर्यावरण मंत्रालयाचे आणि पक्षाच्या कामगिरीच्या रक्षणाचे गोड बोल घातले होते. शिक्षकाने प्रश्नातच उत्तर सुचवावे, तसा हा प्रकार. तरीही ४० टक्के सभासद 'नाही' म्हणाले.

मतांची गुप्तता आणि सुरक्षा पुरेशी नाही, म्हणून तिथल्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने २०१९ साली 'रूसो'ला ५०,००० युरोंचा दंड केला.

आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. जानेवारी २०२२ मध्ये पंजाबात आम आदमी पक्षाने फोन नंबर देऊन मुख्यमंत्रिपदाचा चेहरा लोकांना विचारला. २१ लाखांहून जास्त प्रतिसाद आले आणि ९३ टक्के पसंती भगवंत मान यांना मिळाली, असे पक्षाने जाहीर केले. विचारणारा पक्ष, मोजणाराही पक्षच.

म्हणून उद्या आपल्या मोबाईलवर असा निरोप आला, तर घरात बसून चार गोष्टी विचाराव्यात. प्रश्न कोणी लिहिला? मते कोण मोजणार? आमचे नाव आणि मत कोणाच्या हाती जाणार? आणि निकाल नेत्याला आवडला नाही, तर तो पाळला जाणार का? उत्तरे नीट मिळाली तर मत जरूर द्यावे. मिळाली नाहीत, तर पक्षाकडे आधी ती मागावीत. हाही सभासदाचा हक्कच आहे.

इटलीतल्या गोष्टीचा शेवटही सांगण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सभासदांनी ग्रिल्लो यांचे 'पालक' हे आजीव पदच ऑनलाइन मताने काढून टाकले. त्यांनी पुन्हा मतदान घ्यायला लावले. डिसेंबरमध्ये ८० टक्क्यांहून अधिक सभासदांनी पुन्हा तेच सांगितले. या वेळी मात्र निकाल रद्द करणारे कोणी उरले नव्हते.