छप्पर असणाऱ्यांची मोफत वीज

सूर्य कोणाच्या मालकीचा नाही हे खरे. परंतु त्याच्यापासून वीज करण्यासाठी लागणारे छप्पर कोणाच्या तरी मालकीचे असते. घरोघरच्या सौरऊर्जेविषयी आज जो जयघोष चालू आहे, त्यात एवढी साधी गोष्ट सोयिस्करपणे विसरली जाते.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना मंजूर केली. एक कोटी घरे आणि ७५,०२१ कोटी रुपये असा तिचा पसारा. एक किलोवॅटच्या संचाला ३०,००० रुपये अनुदान, दोनला ६०,०००, तीन वा अधिक असल्यास ७८,०००. दोन दिवे आणि एक पंखा एवढाच ज्याचा संसार, त्याला तीस हजार. आणि ज्याच्या घरी खोलीखोलीत वातानुकूलन यंत्र, त्याला अठ्ठ्याहत्तर! ही मदत गरजेला नसून उपभोगाला आहे. भाडेकरू, चाळकरी, झोपडीवासी तर हिशेबातच नाहीत. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील व अल्प वीज वापरणाऱ्या घरांसाठी जादा अनुदान जाहीर केले, त्याचे स्वागतच आहे; पण तेथेही अट छपराचीच.

यापेक्षा बोलका आकडा पुढे आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेने एकत्रितपणे संच बसवला तर अनुदान किलोवॅटमागे १८,००० रुपये, तेही जिना, पाण्याचा पंप अशा सामाईक सोयींपुरतेच. म्हणजे एकट्याने केले तर तीस, मिळून केले तर अठरा. सहकाराच्या भूमीत शासनाने सहकारालाच लावलेला हा दंड नव्हे काय?

छोट्या व्यावसायिकाचे तर नावच नको. योजना केवळ घरांसाठी आहे. मोठा कारखानदार सौरसंचावर ४० टक्के घसारा दाखवून प्राप्तिकर वाचवतो; पिठाची गिरणी चालवणाऱ्याला ना ते अनुदान, ना घसारा दाखवण्याइतका नफा.

आपल्यातील काही साथी हा मध्यमवर्गीयांचा छंद मानून सोडून देतात. ती चूक आहे. महिना शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या घराला वीज स्वस्त पडते, ती जास्त वापरणारे चढ्या दराने पैसे भरतात म्हणून. हे मोठे ग्राहक दिवसा आपली वीज जाळ्यात सोडून रात्री तीच परत घेणार आणि बिल शून्यावर आणणार. तारा, खांब, रोहित्रे यांचा खर्च मात्र कायम राहतो. तो मग कोणाच्या बिलात चढेल, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

म्हणून सौरऊर्जेला विरोध करावा काय? मुळीच नाही. शाळा, मंडई, बसस्थानके यांच्या सार्वजनिक छपरांवर संच उभारावेत आणि त्या विजेचा वाटा भाडेकरूच्या मीटरवर जमा व्हावा. दिल्लीत २०१९ पासून अशा वाटपाची नियमावली आहे. विजेच्या क्षेत्रात मुळा-प्रवरा संस्थेची थकबाकी आणि २०११ मधील तिची अखेर सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा सहकार म्हटले की काहीजण नाक मुरडतील. त्यांना पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी दाखवावी. २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून नावाजलेले हे गाव ग्रामस्थांच्या एकजुटीवर उभे राहिले.

गृहनिर्माण संस्थांना घरांइतकेच अनुदान, गिरणीवाल्याचा योजनेत समावेश आणि भाडेकरूचा सार्वजनिक छपरावर हक्क, या मागण्यांचे ठराव ग्रामसभांत व्हावेत. वीज नियामक आयोगापुढील दरवाढीच्या जनसुनावणीत कोणत्याही ग्राहकाला लेखी हरकत घेता येते. तेथे कारखानदारांचे वकील चुकत नाहीत. आपले कार्यकर्ते मात्र अजून क्वचितच दिसतात.